बाबांच्या हातचे

वकिलीच्या व्यवसायात माणसांच्या मालमत्तेच्या याद्या वाचण्याचा योग वारंवार येतो, आणि आमच्या गोव्यात तर तो अंमळ अधिकच येतो. येथे माणूस निवर्तला की त्याच्या वारसांना बहुधा इन्व्हेंटरीच्या कामासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने वारशाची जी चौकट घालून दिली, तिच्या जागी आता २०१२ चा गोमंतकाचा स्वतःचा कायदा आहे व तो २०१६ पासून अमलात आला आहे. पण रीत पुष्कळशी जुनीच राहिली. प्रथम यादी, मग किंमत, मग वाटे. आणि एखाद्या वस्तूवरून वारसांचे जमेना, तर त्यांच्यातल्या त्यांच्यात बोली. शेताला क्रमांक असतो, घराला चतुःसीमा असतात, दागिन्याला वजन असते. ज्याला यांपैकी काहीच नाही ते यादीत येत नाही, आणि जे यादीत येत नाही त्यावरून भांडणही होत नाही, हे त्यातल्या त्यात सुख!

माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. देवाच्या दयेने ते आपल्या पायांनी चालतात, आणि स्वतःच्या पश्चात काय होईल याचा विचार संकोच न करता करतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला जवळ बसवून सांगितले, ''बाय, सगळ्याची एक वळेरी करून दवर.'' वळेरी म्हणजे यादी. घरात आम्ही कोंकणी बोलतो आणि लिहायचे झाले की मराठीत लिहितो. तेव्हा ते कोंकणीत सांगत गेले व मी मराठीत उतरवीत गेले. अशिलांच्या शेकडो याद्या मी केल्या असतील, पण इतकी अवघड यादी माझ्या वाट्याला आली नव्हती.

आमचे कुळागर अंत्रुज महालातील एका लहानशा खोऱ्यात आहे. इंदूर-बडोद्याकडील वाचकांसाठी सांगावयास हवे, की कुळागर म्हणजे नुसती नारळी-पोफळीची बाग नव्हे. डोंगराच्या कुशीत जेथे बारमाही झरा आहे तेथेच ते उभे राहते. वर माड आणि पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरवेल नि पानवेल, त्यांच्या सावलीत केळी, जायफळ, भिरंड, आणि अगदी खाली अननस, सुरण, हळद. एकाच जमिनीवर चार मजले असतात आणि चारही मजल्यांचे भाडे ते एक पाणी भरते. ते पाणी गेले तर बाग एका उन्हाळ्यात माना टाकते.

म्हणून बाबांच्या हातच्या वस्तूंत मी पहिला मान पाटाला देते. सरकारी कचेरीतील हिशेबनिसाची नोकरी करून जो वेळ उरे त्यात, आणि निवृत्तीनंतर सारा वेळ, त्यांनी या पाटाला दिला. झऱ्याखाली जांभ्या दगडाची तळी आहे. तेथून निघालेला पाट सात टप्प्यांवरून उतरतो, आणि प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी फणसाच्या फळीचे एक दार आहे. जांभ्याच्या चिऱ्यात खाच कोरून त्यात ते दार वरखाली सरकते. फळी भिजून फुगते आणि आपली फट आपणच बुजवते. किती फुगेल याचा अंदाज घेऊन ती मुळात किती बारीक तासावी, हे बाबांना बोटांनी कळते. पट्टी लावून मोजताना मी त्यांना क्वचितच पाहिले. पोफळीला उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी पाणी मिळावे लागते. तेव्हा आज कोणते दार उघडायचे नि किती वेळ, याचे पंचांग त्यांच्या डोक्यात असे. तळीच्या वरचा बांध तर दगडामातीचा. पावसाळ्यात तो हमखास वाहून जातो आणि दसरा झाला की पुन्हा घालावा लागतो. सिमेंटचा पक्का बांध घालावा असे माझ्या थोरल्या भावाने अनेकदा सुचविले. बाबांचे म्हणणे असे, की पावसाळ्यातला लोंढा पक्का बांध मानीत नाही, तो बाजूची दरड फोडतो. त्यापेक्षा वाहून जाणारा बांध बरा, तो लोंढ्याला वाट देतो. हा वाद आमच्या घरात तीस वर्षे चालला आहे आणि माझ्या मते तो अजून अनिर्णीत आहे.

पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा, आणि मग चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप पाहून पुन्हा एकदा, मोरचूद व चुन्याचे पाणी घोसांवर मारावे लागते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण. दोन्ही निरनिराळ्या भांड्यांत कालवून मग एकत्र करायचे. या निळ्या पाण्यात बाबा घासूनपुसून लख्ख केलेला कोयता क्षणभर बुडवीत आणि वर काढून उजेडात धरीत. पात्यावर तांबूस छटा चढली तर मोरचूद मोकळे उरले, चुना आणखी हवा. नाहीतर कोवळा घोस भाजून निघायचा. पाते स्वच्छ असले की ते वर चढणाऱ्या गड्याला खूण करीत. तो गडी एका पोफळीवरून झोका घेत दुसरी पकडी आणि खाली न उतरता पाच-सात झाडे करी. आम्ही मुले श्वास रोखून पाहत असू. साक्षीदाराचे शब्द असेच उजेडात धरून पाहावे असे न्यायालयात मला पुष्कळदा वाटते, पण तेथे ती तांबूस छटा इतक्या सहजी दिसत नाही.

जायफळाची कथा थोडी करुण आहे. बियांपासून केलेले जायफळाचे झाड नर की मादी हे फुलावर आल्यावाचून कळत नाही, आणि फुलायला ते सहा-सात वर्षे घेते. बाबांनी लावलेल्या पाचांपैकी तीन नर निघाले. शेजाऱ्यांनी ती तोडायला सांगितली. बाबांनी एक ठेवले, कारण परागासाठी एक हवेच. उरलेल्या दोहोंवर मादी झाडाच्या काड्यांची कलमे बांधली. एक जगले. त्याची फळे आज आई लोणच्याला वापरते.

वानरांच्या बाबतीत मात्र बाबा हरले, आणि ते तसे मोकळेपणाने सांगतात. पाटाच्या पाण्यावर चालणारे एक फटफटे त्यांनी स्वतःच्या कल्पनेने जुळविले होते. कोंड्याच्या पोकळ नळीत पाणी साठे, ती भाराने कलंडे आणि मागचे टोक रिकाम्या डब्यावर आदळे. आठ दिवस वानरे पळाली. नवव्या दिवशी एक हुप्प्या त्या डब्याशेजारीच बसून शहाळे सोलीत होता! मग बाबांनी डबा बदलला, जागा बदलली, आवाज बदलला. वानरांनी आपला निर्णय बदलला नाही. ते फटफटे अजून वाजते. मला ते आवडते. रात्री त्याचा ठेका ऐकू आला की पाटाला पाणी आहे हे अंथरुणातच कळते.

आता माटोळी. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली नि बागेतली फळेफुले बांधावयाची ही आमची रीत गोव्याबाहेर गेलेल्या वाचकांनाही आठवत असेल. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, आंबाडे, लालभडक कवंडळे, कांगले, घागऱ्या. बांधायला सुतळी चालत नाही. कुमयाच्या सालीचे दोर लागतात, आणि ते बाबा स्वतः सोलून, भिजवून तयार ठेवतात. सरकारच्या कला व संस्कृती खात्यातर्फे माटोळीची स्पर्धा होते. तिच्यात भाग घ्या म्हणून बाबांना कितीदा तरी सुचविले गेले. त्यांनी तो विषय नेहमी हसून टाळला. स्पर्धेमुळे रानातल्या कितीतरी वनस्पतींची नावे नव्या मुलांच्या तोंडी आली, हे मी जाणते. तरीही बाबांचे हसणे मला पटते. विसर्जनानंतर माटोळी उतरते, फळे वाटली जातात आणि चौकट माळ्यावर जाते. नवरात्रात देवळातल्या मखराला कागदाची नक्षी लागते, तिच्याही कातरकामात त्यांचा हात असे. नऊ रात्री कीर्तनानंतर देव त्या मखरात बसून झोके घेई, आणि दसऱ्याला ती नक्षी निकालात निघे.

येथे एक गोष्ट लिहून ठेवते. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे गोव्याच्या कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी मान्य केले. देवळात मात्र, निदान आमच्या देवळाच्या नियमांप्रमाणे, महाजनकी बापाकडून मुलाकडेच जाते. त्यामुळे कुळागराच्या यादीत माझे नाव आहे आणि महाजनांच्या यादीत नाही. पण मखराच्या कागदाची घडी कशी घालावी हे बाबांनी भावांना नव्हे, मला शिकविले; त्यावर कोणत्याही महाजनाने अजून हरकत घेतलेली नाही.

यादी करताना माझ्या हे ध्यानात येत गेले, की बाबांनी उत्तम म्हणून जे केले ते बहुतेक सारे दरवर्षी नव्याने करावे लागणारे आहे. बांध वाहून जातो, फळी कुजते, दोर सुकतो, माटोळी उतरते. टिकाऊ असे त्यांच्या हातचे काय? आईच्या आदोळीचा पाट, आंबे उतरवायचा झेला, एक झोपाळा. या तिन्हींची किंमत करायला बसले तर मुद्रांकाचाही खर्च निघणार नाही. आणि ज्याला सगळे ''बाबांचे कुळागर'' म्हणतात ते कायद्याने तरी निम्मे आईचेच आहे. सुपारी चाळीस-चाळीस दिवस अंगणात वाळविणारी, ढग पाहून ती धावत गोळा करणारी ती. तिला हे समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, ''मग त्या वानरांतली निम्मीही माझीच का गो?''

खरी अडचण वरच्या तुकड्याची आहे. तो रस्त्याला लागून आहे, म्हणून त्याला सर्वांत अधिक भाव आहे. आणि झरा नेमका त्यातच आहे. माझा थोरला भाऊ पुण्यास असतो, त्याला आपला वाटा पैशात हवा आहे. त्यात गैर काही नाही, त्याच्या मुलांची शिक्षणे आहेत. मी बाबांना म्हटले, वरचा तुकडा त्याला देऊ, आणि खालच्या जमिनीला झऱ्याचे पाणी नेण्याचा कायमचा हक्क दस्तात स्पष्ट लिहू. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, ''बाय, उदकाक वांटे पडनात.'' मी वकिली मुद्दा मांडला, की वाटे पाण्याचे नसून हक्काचे आहेत. त्यावर त्यांनी विचारले, दसऱ्यानंतर बांध कोण घालणार, तेही दस्तात लिहिता येते का?

लिहिता येते. दुरुस्तीची जबाबदारी कोणावर, खर्च कोणी करावा, पाटावर जाण्यास कोणाला मज्जाव नाही, अशी कलमे मी घातली आहेत आणि ती चांगली उतरली आहेत असे मला वाटते. फळी किती बारीक तासावी हे मात्र कोणत्याही कलमात बसेना. मग मी दोन्ही भावांना मसुदा धाडला आणि सोबत लिहिले, की सह्या होण्यापूर्वी दसऱ्याला आठ दिवस काढून या. धाकटा परदेशी असतो, त्याला जमले नाही. थोरला मात्र आला. चार दिवस बाबा तळीच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते नि तो चिखलात उभा होता. पाचवे दार त्याच्या हातचे आहे. ते थोडे जाड झाले आहे, पाण्याने फुगल्यावर वर उचलायला दोघे लागतात. बाबा म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी तासू.

वरच्या तुकड्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. मसुदा माझ्या कपाटात आहे.