आधी कणगी

आठवीत इंग्रजीच्या तासाला 'कंटेंट' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला. शब्दकोशात त्याचे दोन अर्थ होते: समाधानी, आणि आत जे भरलेलं असतं ते. बाईंनी उच्चारातली खूण सांगितली. आतल्या ऐवजासाठी आघात सुरुवातीला, समाधानासाठी शेवटी. एका शब्दात ही दोन बिऱ्हाडं का, ते मात्र कळेना.

उत्तर आजीच्या माजघरात होतं. ज्वारी भरण्याआधी ती कणगी आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायची. म्हणायची, "पीक किती आलं ते मागनं बघू गं, आदी कणगी धड पायजे."

शब्दाचं मूळ कॉलेजात सापडलं. लॅटिनमध्ये 'कोन' म्हणजे एकत्र, 'तेनेरे' म्हणजे धरणं. त्यातून 'कोन्तेन्तुस': एकत्र धरलेला, आपल्या काठांत राहिलेला. समाधानाच्या अर्थी तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे ऐवजही धरलेला आणि समाधानी माणूसही धरलेला! आपलं 'समाधान'सुद्धा सम्, आ आणि धा यांतलं: नीट एकत्र ठेवणं.

पुढे नोकरीत हक्काची बढती हुकली. ते कळवणाऱ्या कागदावर मी 'मान्य' लिहून सही केली आणि रात्रभर जागी राहिले. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मतदानात होकार देताना आजही 'कंटेंट' म्हणतात. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला शायलॉक खटला हरतो, धर्म सोडण्याची अट ऐकतो, तेव्हा त्याच्याही तोंडी हाच शब्द येतो. होकार आणि समाधान यांतलं अंतर मला त्या सहीनं दाखवलं.

'तेनेरे' आणि संस्कृतातला 'तन्' हे एकाच प्राचीन धातूचे वंशज. तन् पासून तंतू आला, ताणही आला. ताण आणि 'कंटेंट' एका कुळातले, हे वाचून मी थबकले. मग कणगी आठवली. बुरडानं विणलेल्या कामट्या एकमेकींना ताणून धरतात, म्हणून तर तिच्यात दाणे राहतात. ताण सुटला की कणगीच सुटते. त्यानंतर ताण नसलेल्या दिवसांची वाट पाहणं मी सोडलं; वीण कुठे सैल झाली, ते पाहू लागले.

आता माझी लेक दिवसभर मोबाइलवर 'कंटेंट' बघते. परवा म्हणाली, "आई, एवढं बघून पण आत काहीच राहत नाही गं." मी तिला आजीची कणगी सांगितली. मग आम्ही दोघींनी तो शब्द शेवटी आघात देऊन, सावकाश म्हणून पाहिला.