आईचा रविवार आणि घरचा संगणक

आमच्या घरी संगणक आला तो माझ्या कामासाठी; परंतु पाचसहा वर्षांतच त्याच्यावरचा खरा हक्क माझ्या आईकडे गेला. जयपूरच्या दक्षिणेस, टोंक रस्त्यावर सांगानेरच्याही पुढे सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे रंगीत खड्यांच्या एका कारखान्यात मी हिशेबनीस आहे, आणि वसाहतीच्या कडेलाच आमचे बिऱ्हाड आहे. शेजारीपाजारी मराठी घर नाही. त्यामुळे दर रविवारी सकाळी आठ वाजता मिरजेच्या मावशीशी संगणकाच्या पडद्यावर बोलणे हा आईच्या आठवड्यातला मोठा सोहळा. मोबाइलचा पडदा तिच्या दृष्टीला पुरत नसे आणि त्याचा आवाज कानाला.

२०२२ च्या पावसाळ्यात मावशीने अंथरूण धरले. तिला उशीला टेकवून बसवीत; दहा मिनिटे, फार तर पंधरा, ती बसू शके. इकडे आमच्या संगणकाची कळ आठ वाजता दाबावी, तर तो बोलण्याजोगा होईपर्यंत घड्याळाचा काटा सव्वाआठकडे झुके. आई तक्रार करीत नसे. चष्मा पुसून, पदर सावरून ती खुर्चीत बसून राही. ते तिचे बसणे मला पाहवेना.

नवा संगणक घ्यावा, तर मुलीच्या महाविद्यालयाची फी नुकतीच भरलेली. तेव्हा कारखान्यात दोघा सहकाऱ्यांना विचारले. एक म्हणाला, “विंडोजमध्ये ‘सुपरफेच’ म्हणून एक सोय आहे, ती स्मृती खाऊन टाकते. बंद करा, यंत्र पळू लागेल.” दुसरा म्हणाला, “छे! तीच तर खरी उपयोगी. उलट पेनड्राइव्ह लावून तिला जोड द्या.” दोघांचाही आत्मविश्वास सारखाच होता. दोघांपैकी कोणीही घड्याळ लावून पाहिले नव्हते.

ही सोय मला समजली ती आमच्याच कारखान्यातल्या एका रिवाजावरून. पाचूच्या पुड्या रात्री तिजोरीत असतात. कारागीर येण्यापूर्वी मुकादम त्या दिवशी लागतील अशा पुड्या अंदाजाने काढून प्रत्येकाच्या पाटावर मांडतो. अंदाज बरोबर ठरला तर कारागिराला उठावे लागत नाही. संगणकात तिजोरीच्या जागी साठवणीची चकती असते आणि पाटाच्या जागी स्मृती. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या, आमच्या यंत्रातल्यासारख्या चकतीला एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. वाचणारे टोक योग्य जागी सरकणे आणि हवा तो भाग त्याच्याखाली येणे, यांत मिळून एकेका विखुरलेल्या वाचनाला पंधराएक मिलिसेकंद सहज जातात. स्मृतीतून तीच माहिती काढण्यास एका मिलिसेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो. इतका फरक असेल तर आगाऊ मांडामांड करावीशी वाटणे स्वाभाविकच.

या मांडामांडीचे साधे रूप २००१ सालच्या विंडोज एक्सपीत आले. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टात ती अधिक चाणाक्ष झाली. कोणता कार्यक्रम कोणत्या वेळी उघडला जातो, कामाच्या दिवशी काय आणि सुटीच्या दिवशी काय, याची ती नोंद ठेवू लागली. २०१८ मध्ये विंडोज १० मध्ये तिचे नाव ‘सिसमेन’ झाले, धंदा तोच. स्मृती भरलेली दिसली की लोक घाबरतात, तेवढे मात्र व्यर्थ. आगाऊ आणून ठेवलेला मजकूर दुसऱ्या कार्यक्रमाला जागा लागताच बाजूला सारला जातो.

आठवडाभर रोज संध्याकाळी मी कळ दाबी आणि मुलगी स्वयंपाकघरातले घड्याळ समोर ठेवून वहीत वेळ टिपी. सौ. म्हणाली, “अहो, तेवढ्या वेळात मिरजेला जाऊन आला असता!” एकदा उघडलेला कार्यक्रम मिटून पुन्हा उघडला तर तो चटकन येई, सोय चालू असो वा बंद, कारण एकदा वाचलेला मजकूर स्मृतीत राहतोच. यंत्र तासभर चालू राहिले असेल, तर सोय चालू असताना पहिल्यांदा उघडणारा कार्यक्रमही लौकर येई. पण यंत्र नुकतेच सुरू झाले असेल, तर काही म्हणता काही फरक नाही. पेनड्राइव्हनेही आमच्याकडे फरक पडलेला दिसला नाही.

नोंदी पाहता पाहता मुलगीच म्हणाली, “बाबा, यंत्र बंद केले की पाट रिकामाच होतो ना?” नेमके तेच. वीज गेली की स्मृती पुसली जाते. आमचा संगणक फार करून रविवारीच लागे. सकाळी त्याची पाटी कोरी असे, आणि ती भरायची तर पुन्हा त्याच संथ चकतीतून. मुकादम कारागिरांच्या बरोबरच कारखान्यात शिरला, तर मांडामांड तो कधी करणार? त्यातून स्मृती अवघी ४ गिगाबाइट. विंडोज आणि एक ब्राउझर बसला की मांडायला पाटच उरत नसे. दिवसभर चालणाऱ्या, स्मृती ऐसपैस असलेल्या आणि चकती संथ असलेल्या यंत्राला या सोयीचा उपयोग आहे, असे माझे मत झाले. आमचे यंत्र त्यांतले नव्हते. बंद करून काही वाचतही नव्हते, म्हणून मी ती चालू ठेवली.

पुढल्या रविवारपासून मुलगी साडेसातलाच उठून कळ दाबू लागली. बोलण्याचा कार्यक्रम एकदा उघडून ठेवी आणि मग दात घासायला जाई. आठला आई बसे तेव्हा मावशी समोर असे.

दिवाळीच्या बोनसमधून जुनी चकती काढून एसएसडी बसवून घेतली. तिच्यात फिरणारे काहीच नसते; जेथे पंधरा मिलिसेकंद जात, तेथे एकाचा दहावा भाग जातो. आगाऊ मांडामांडीचे महत्त्वच त्यामुळे कमी होते, इतके की, तिजोरी अशी वेगवान असेल तर विंडोज ७ ही सोय आपणहून बंद ठेवीत असे. आता आमचा संगणक मिनिटाच्या आत तयार होऊ लागला. मुलीला साडेसातला उठण्याचे कारण उरले नाही. आई मात्र साडेसातलाच चष्मा पुसून बसू लागली.

मावशी डिसेंबरच्या मध्यावर गेली. दिवाळीनंतर त्या दोघींना सात रविवार मिळाले.