फजितीचे साक्षीदार

डोंगरावरून परतलेल्या माणसाला काय काय पाहिलंस म्हणून विचारावं, तर तो चार वाक्यांत आटोपतो. कुठे धडपडलास म्हणून विचारावं, की चहाचा दुसरा कप मागवावा लागतो. हरिश्चंद्रगडाचा विषय निघाला की आमच्या टोळक्याचं हेच होतं. तारामती शिखर, कोकणकडा, हेमाडपंती देऊळ यांची बोळवण एका दमात होते आणि मग गाडी बुटावर येते.

कल्याण–नगर रस्त्यावर माळशेज घाट चढून वर आलं की खुबी फाटा लागतो. एसटी तिथं सोडते. पुढे पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर गाठायचं आणि मग टोलारखिंड. पाऊस ओसरला होता, सोनकीनं उतार पिवळे केले होते. आमच्या म्होरक्यानं वेळापत्रक कागदावर उतरवून आणलं होतं : अकराला खिंड, दोनला देऊळ, चारला तारामती. खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी आम्ही टेकलो आणि तिथल्या माकडांनी आमच्यातल्या डॉक्टरच्या आईनं दिलेले धपाटे दह्याच्या डब्यासकट लांबवले. दही सांडून डबा मात्र त्यांनी परत फेकला. वेळापत्रकाला पहिला धक्का बसला तो इथं.

खिंडीच्या वर कातळाचा टप्पा आहे, आधाराला लोखंडी कठडे आहेत. बँकेत नोकरी करणारा आमचा मित्र सर्वांत पुढे होता. त्याचे बूट महागाचे, शिवाय जपून ठेवलेले. जपून ठेवले हेच नडलं. पॉलियुरेथेनचे तळवे न वापरता माळ्यावर पडून राहिले की वर्षानुवर्षं हवेतली ओल पितात आणि आतल्या आत भुसभुशीत होतात. वरचं चामडं मात्र नव्यासारखं दिसतं. त्यानं कठडा धरून पाय उचलला. पाय वर गेला, तळवा कातळावरच राहिला. त्यानं खाली वाकून तो उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "अरे, बिल आहे माझ्याकडे अजून."

डॉक्टरनं रुग्ण तपासावा तसा बूट तपासला. कडेचा चिंचोक्याएवढा तुकडा बोटानं दाबताच त्याची पूड झाली. सुतळी कुणाकडे नव्हती. अखेर म्होरक्याच्या सॅकमधून रात्रीचा पायजमा निघाला, पायजम्यातून नाडी निघाली आणि ती बुटाभोवती तीनदा गुंडाळून गाठ मारली. बुटाचं भागलं. पायजम्याचं काय, हा प्रश्न रात्रीवर ढकलला.

पठारावर पोचलो आणि धुकं उतरलं. खिंडीपासून देवळापर्यंतची वाट टेकड्यांच्या चढउतारांतून जाते. जागोजाग ढोरवाटा फुटतात, आणि गुरांना देवदर्शनाची घाई नसल्यामुळे त्या कुठेही नेतात. खुणा दिसेनाशा झाल्या की माणूस नाकासमोर चालल्याच्या भ्रमात गोल फिरायला लागतो. तासाभरानं वाटेत एक काळा तुकडा दिसला. "बघा, आणखी कुणाचा तरी बूट गेलाय इथं," म्होरक्या समाधानानं म्हणाला. आपण योग्य वाटेवर असल्याचा हा त्याला पुरावा वाटला. बँकवाल्यानं खाली पाहिलं. नाडी कधीच सैल झाली होती आणि तुकडा त्याचाच होता. त्या तुकड्यानं आमची परिक्रमा उघडकीला आणली.

मग धुक्यातून घंटांचा आवाज आला, त्यामागून गाई आणि गाईंमागून पाचनईकडचे एक मामा.

"कुठं निघाला?"

"देवळाकडं, मामा."

"देऊळ तुमच्या पाठीशी ऱ्हायलं की. चला, माझ्यामागनं या."

त्यांच्या पायात टायरच्या चपला होत्या. बुटाकडे त्यांनी एकदाच पाहिलं. सभ्य माणूस, काही बोलले नाहीत.

तारामती चढलो ती संध्याकाळी, ठरल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा. वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. पण म्होरक्यानं आशा सोडली नाही. तो शुभ्र शून्यात बोट दाखवून सांगत राहिला : हा रतनगड, तो आजोबा, पलीकडे जीवधन. आम्हीही माना वळवून पाहत राहिलो. रात्री गुहेत खिचडी कच्ची राहिली. डॉक्टरचं म्हणणं, चौदाशे मीटरवर पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, त्याला तो काय करणार. खरं कारण ओली लाकडं. रात्रभर म्होरक्या एका हातानं पायजमा धरून वावरला. त्यामुळे भांडी घासण्यातून त्याची आपसूक सुटका झाली.

तत्पूर्वी केदारेश्वराच्या गुहेत आणखी एक गोष्ट घडली होती. तिथं कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात भलं मोठं लिंग आहे, भोवतीच्या चार खांबांतला एकच शाबूत उरलाय. बँकवाला फोटो काढायला वाकला आणि फोन जलसमाधी घेऊन वर आला. त्याची खरी किंमत दुसऱ्या दिवशी कळली.

हा गड इंद्रवज्रासाठी प्रसिद्ध आहे. कर्नल साइक्सनं दख्खनच्या हवामानावरच्या लेखात इथून दिसलेल्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन केलंय. तो लेख लंडनच्या रॉयल सोसायटीनं 1835 साली छापला. पाठीशी सूर्य, समोर कोकणकड्याखाली धुक्यानं भरलेली दरी, आणि धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती रंगांचं कडं. सकाळी आम्ही तिघं अंगावर चादरी ओढून पडलो होतो. बँकवाला पाण्याची बाटली घेऊन एकटाच बाहेर पडला होता. तो परत आला तो धावत, नाडी फरफटवत. "इंद्रवज्र! अख्खं! मधोमध मी!" आम्ही धावत कड्यावर पोचेपर्यंत दरी स्वच्छ झाली होती. फोटो नाही, कारण फोन केदारेश्वराला वाहिलेला.

तो खोटं बोलत नव्हता हे आम्हाला ठाऊक आहे. पण आम्ही तिथं असतो, तरी त्याचं कडं आम्हाला दिसलं नसतं. इंद्रवज्राचा नियमच तसा आहे : शेजारी शेजारी उभं राहिलं, तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवती. निसर्गानं दाखवलेली मोठी गोष्ट अशी ज्याची त्याला मिळते, आणि ती सांगताना माणूस एकटा पडतो. तळवा निसटला तो मात्र सगळ्यांचा. त्याला साक्षीदार आहेत, त्यांच्या साक्षी जुळत नाहीत, म्हणून खटला अजून चालू आहे. बँकवाला स्वतःसुद्धा इंद्रवज्र हल्ली एका वाक्यात उरकतो आणि बुटावर येऊन सैलावून बसतो. त्याच्या मुलीला ती गोष्ट पाठ आहे. बाबा काही गाळायला लागला की ती टोकते.

परवा त्याच्याकडे जेवताना बूट डावा की उजवा यावरून वाद पेटला. डॉक्टर म्हणे डावा, मी म्हणे उजवा, आणि ज्याचा बूट तो म्हणे दोन्ही. निकाल लागेना म्हणून म्होरक्याला न्यू जर्सीला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. त्यानं आधी चार सणसणीत शिव्या घातल्या, मग "उजवा" म्हणाला, आणि माझी नाडी कुठाय ते सांगा, म्हणून बसला.