संगमरवरी मेजावरचे जेवण

पंचपक्वान्नांचे भोजन मनुष्य कौतुकाने करतो. परंतु त्याच्या मनात घर करून राहते ते बहुधा एखादे साधेसुधे खाणे. शेतकऱ्याला बांधावरची भाकरी आठवते, वारकऱ्याला वाटेवरचा झुणका आठवतो. मला आठवतो तो मुंबईतील इराण्याच्या दुकानातला ब्रून-मस्का आणि चहा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इराणातील यझ्द, केरमान या भागांतून अनेक झरतुष्ट्रधर्मीय कुटुंबे उपजीविकेसाठी मुंबईस आली. त्यांतील कित्येकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली. धोबीतलावावरील 'कयानी' हे त्यांपैकीच एक. ते १९०४ सालचे. संगमरवरी मेजे, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर मोठाले आरसे आणि बिस्किटांनी भरलेल्या काचेच्या बरण्या, असा या दुकानांचा थाट असे. तेथे हमाल, कारकून आणि वकील एकाच मेजाशी बसून चहा घेत.

पाव आपल्याकडे आणला पोर्तुगिजांनी. ब्रून हे त्या पावाचेच भावंड. मात्र त्याचे कवच कडक आणि अंतरंग मऊ. तो मधोमध चिरून त्याला लोणी लावतात व गरम चहात बुडवून खातात. लोणी वितळून चहावर सोनेरी तवंग येतो.

१९८२ सालच्या जानेवारीत मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. घरात येणारा पगार थांबला. मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षात होतो. चाळीतल्या एका खोलीत आम्ही सात माणसे. तेथे पुस्तक उघडायलाही जागा नसे. आई रोज मोजकी नाणी माझ्या हातावर ठेवी. तेवढ्यात गिरगावातील एका इराण्याकडे एक ब्रून-मस्का व एक चहा मिळे. तेच माझे दुपारचे जेवण, आणि ते संगमरवरी मेज हीच माझी अभ्यासिका! चहा मी घोट घोट पुरवून पीत असे. कारण पेला रिकामा झाला की उठावे लागेल, अशी मनात धास्ती असे. माझ्या डोक्यावर पाटीच होती : 'विनाकारण बसू नये.'

एके दिवशी दुकानात गर्दी होती. जागेसाठी ताटकळलेल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून तक्रार केली. गल्ल्यावरच्या वृद्ध शेठजींनी चष्म्यावरून माझ्या उघड्या पुस्तकाकडे पाहिले आणि आपल्या मोडक्या मराठीत ते म्हणाले, "तो वाचते, साहेब. वाचणे पण कामच हाय ना! तुमी इथे बसा." असे म्हणून त्यांनी गल्ल्याजवळचे स्टूल त्या गृहस्थांकडे सरकविले.

त्या वर्षी मी उत्तीर्ण झालो. वडिलांची गिरणी मात्र पुन्हा उघडली नाही.

सेवानिवृत्तीनंतर एकदा मुंबईस गेलो असता मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या दुकानात गेलो. इराण्यांची पुष्कळ दुकाने आता बंद झाली आहेत. हे मात्र टिकून होते. गल्ल्यावर शेठजींची नात होती. पाटीही जागेवर होती. अक्षरे तेवढी पुसट झाली होती. ब्रून पूर्वीइतकाच कडक होता. माझे दात मात्र पूर्वीचे राहिले नव्हते, म्हणून तो चहात अंमळ अधिक वेळ बुडवावा लागला. चव तीच!

पलीकडच्या मेजाशी घरोघर जेवण पोहोचविणारा एक तरुण स्पर्धा परीक्षेचे पुस्तक वाचीत बसला होता. त्याचा पेला केव्हाच रिकामा झाला होता. शेठजींच्या नातीने एकवार त्याच्याकडे पाहिले आणि ती पुन्हा आपल्या हिशेबात गढून गेली.

ब्रून-मस्क्याचे पैसे मी रोज चुकते करीत असे; त्या जागेचे मोल मात्र शेठजींनी कधी मागितले नाही. पुढे मी मुख्याध्यापक झालो. शाळा सुटल्यावर वाचनालयात एखादे मूल पुस्तकात गुंगलेले दिसले, की मी शिपायाला सांगत असे, "आज कुलूप थोडे उशिराने लावू या."