सहाचा गजर आणि गेटवरचे काका

सकाळी पळायला जाण्यात पळणं हा सगळ्यात सोपा भाग. पायात बूट चढले आणि सोसायटीचं गेट ओलांडलं की पुढचं आपोआप होतं. खरी मारामारी असते ती गजर वाजल्यापासून बूट घालेपर्यंतच्या दहा मिनिटांत. त्या वेळात माणूस जेवढे बिनतोड युक्तिवाद करतो, तेवढे अप्रेजलच्या मीटिंगमध्ये केले तर प्रमोशन ठरलेलं! "काल कॉल उशिरा संपला", "झोपही महत्त्वाचीच ना", "गुडघा जरा दुखतोय वाटतं"...

माझ्याकडे कारण मात्र भक्कम होतं. २०२४च्या जूनमध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी आलं ६.१. म्हणजे ५.७ ते ६.४ या प्री-डायबेटिसच्या पट्ट्यात मध्यावर. आकडा फार भयंकर नाही, पण बाबांना चाळिशीतच मधुमेह निघाला आणि तेव्हापासून आमच्या फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी इन्सुलिन बघत आलोय. रिपोर्ट बघून बाबा काही बोलले नाहीत. आईने दुसऱ्या दिवसापासून माझा चहा बाबांच्या पातेल्यात टाकला, बस्स.

आता एवढं झाल्यावर माणूस टुणकन उठेल असं वाटतं ना? अजिबात नाही. भीती वाटते ती रात्री अकरा वाजता. पहाटे साडेपाचला भीतीही गाढ झोपलेली असते. शिवाय जाग आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मेंदू पुरता जागा नसतो, याला 'स्लीप इनर्शिया' म्हणतात. म्हणजे सर्व्हर अजून बूट होतोय आणि आपण त्यालाच विचारतोय की बाबा रे, जाऊ की नको? उत्तर काय येणार! म्हणून कपडे रात्रीच काढून ठेवायचे, बूट दाराशी, आणि फोन हॉलमध्ये, म्हणजे गजर बंद करायला तरी उठावं लागतं. याने निम्मं काम होतं.

'एकवीस दिवस करा, सवय लागते' हे प्रकरण तर माझ्या डोक्यात जातं. याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात. पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खरंच मोजून बघितलं (२०१०मध्ये छापून आलं), तर सरासरी निघाली ६६ दिवस, आणि पसारा १८पासून २५४पर्यंत! एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी अंथरुणात लोळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं :-)

आमच्या धंद्यातली एक खास गोची आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि आमचा रात्री साडेआठचा कॉल साडेनऊवर येतो. पुण्यात त्याच सुमारास थंडी सुरू. सूर्यही उशिरा उगवायला लागतो, जानेवारीत तर सात वाजून गेल्यावर. तिन्ही एकदम. ऑगस्टमध्ये जोरात पळणारे कितीतरी जण इथेच गळतात. संध्याकाळी पळू म्हणावं तर हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत फक्त जेवायचं त्राण उरतं.

असो. सुरुवातीला मी 'काउच टू फाइव्ह के' धरला होता. जॉश क्लार्कने १९९६मध्ये केलेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रम, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. कालची दमछाक आठवून आज उठावंसं वाटत नाही, आणि यात दमछाकच होत नाही. चांगला प्रकार आहे.

पण खरं सांगू? या सगळ्यापेक्षा जास्त कामाला आले बी विंगमधले काका. सत्तरी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त, रोज सहाला वेताळ टेकडी. लिफ्टमध्ये रिपोर्टचा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाले, "सहाला गेटवर ये. मी पाच मिनिटं थांबेन."

काका सकाळी मोबाईल घरी ठेवतात. म्हणजे 'आज नाही जमत काका' असा मेसेज टाकून सुटका नाही! सत्तरीतला माणूस कानटोपी घालून अंधारात आपल्यासाठी उभा आहे, या चित्रापुढे कुठलाच युक्तिवाद टिकत नाही. त्यात वॉचमनने एकदा सांगितलं, "साहेब, ते पाच नाही, पंधरा मिनिटं थांबतात." झालं, त्या दिवसापासून माझा गजर आणखी दहा मिनिटं आधीचा.

वर गेल्यावर काका देवळाकडे चालत जायचे आणि मी खाणीपर्यंत पळत जाऊन परत. मोरांची ओरड ऐकत उतरायचो. बोलणं फारसं नाही, झालंच तर फिक्स्ड डिपॉझिटच्या व्याजाचं. २०२५च्या जूनमध्ये माझा आकडा आला ५.८. काका म्हणाले, "व्याजदर असाच खाली येतो, हळूहळू."

त्याच वर्षी नोव्हेंबरात, नेमकी ती अमेरिकेतली घड्याळं बदलली त्याच आठवड्यात, काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टेकडी काही महिने बंद. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण तीन आठवड्यांनी सहा वाजता गेटजवळच्या बाकावर कानटोपी दिसली. वॉकर शेजारी टेकवलेला.

"काका, तुम्ही इतक्या थंडीत कशाला..."

"जागा असतोच मी. तू नीघ. आणि खाणीत पाणी कितपत उरलंय ते बघून ये जरा."

हल्ली रोज सांगावं लागतं, पाणी कुठपर्यंत आलंय ते. अंदाजाने सांगून चालत नाही, बँकेतला माणूस आहे.