न उठलेली जत्रा

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला घरी परतल्यावर एक हिशेब द्यावा लागतो: काय काय पाहिले? राजवाडे, पुतळे आणि चित्रसंग्रह यांची नावे धडाधड सांगितली की ऐकणाऱ्यांचे समाधान होते. परंतु 2019 च्या पानगळीत आम्ही उभयता बर्लिनला पुतण्याकडे गेलो असताना एक अशी जागा पाहिली, की ती या हिशेबात कुठेच बसत नाही.

"काका, उद्या श्प्रेपार्क बघू," पुतण्या म्हणाला.

"काय आहे तिथं?"

"काही नाही. बंद पडून अठरा वर्षं झाली."

"अहो, विमानाचे एवढे पैसे भरून बंद पडलेलं बघायला जायचं?" ही म्हणाली. प्रश्न बिनतोड होता. तरी गेलो.

बर्लिनच्या आग्नेयेला श्प्रे नदीच्या काठी प्लेंटरवाल्ड नावाचे रान आहे. पूर्व जर्मनीच्या राज्याला 20 वर्षे झाली म्हणून 1969 साली तिथल्या सरकारने या रानात पाळणे, चक्र्या आणि आगगाड्या उभारल्या. साऱ्या देशात असे कायमचे उद्यान हे एकच. पुढे 1989 साली राज्याची चाळिशी आली, म्हणून 45 मीटर उंचीचा नवा आकाशपाळणा बसवला. चाळिशीचा सोहळा 7 ऑक्टोबरला झाला आणि 9 नोव्हेंबरला भिंत उघडली! वर्षभरात राज्यच नकाशावरून पुसले गेले. पाळणा मात्र उभाच राहिला.

मग खाजगी मालक आला. त्याने नवे खेळ आणले, तिकीट वाढवले. पण रान संरक्षित, त्यामुळे मोटारी उभ्या करायला पुरेशी जागा मिळेना. गिऱ्हाईक रोडावले, कर्ज फुगले आणि 2001 साली दरवाजा बंद झाला तो झालाच. पुढच्या जानेवारीत मालकाने दुरुस्तीच्या नावाखाली सहा खेळ उचलले आणि थेट पेरू देशात लिमाला नेले. तिथेही धंदा बसला. 2003 साली तिकडून परत धाडायच्या 'उडत्या गालिच्या'च्या खांबात दीडशे किलोहून अधिक कोकेन सापडले, तेव्हा मालकाची रवानगी तुरुंगात झाली.

"मग हा पाळणा नाही नेला तो?" हिने विचारले.

"खोक्यात मावला नसेल," मी म्हणालो.

2014 पासून जागा पुन्हा शहराच्या ताब्यात आहे. तेव्हा वाटाड्याबरोबर कुंपणाच्या आत जाता येत होते. आम्ही पंधरावीस जण होतो. रुळांच्या मधून झाडे वर आली होती. चहाच्या पेल्यांच्या आकाराच्या बैठकांत पावसाचे पाणी आणि पिवळी पाने साचली होती. एक डायनॉसोर चारी पाय ताठ करून कुशीवर पडला होता. जो तो फोटो काढण्यात गुंतला होता. मीही दोनचार काढले.

आमच्यातली साठीच्या घरातली एक बाई मात्र फोटो काढत नव्हती. ती आकाशपाळण्याखाली मान वर करून उभी होती. वारा आला की वरचे पाळणे कुरकुरत हलत. हिने तिच्याकडे पाहून हसून मान हलवली, आणि पुतण्याला दुभाष्याचे काम लागले.

"मी दहा वर्षांची असताना आई मला इथे आणायची," ती म्हणाली. "तेव्हा याहून थोडा बुटका पाळणा होता. वर गेलं की भिंतीपलीकडचं शहर दिसायचं. आई बोट दाखवायची, 'तिकडे तुझी मावशी राहते.' खाली आलं की मावशीचं नाव काढायचं नाही, असा दंडक होता."

"मग भेटली का मावशी?" हिने विचारले.

"भेटली, 89 च्या नोव्हेंबरात. पण आई त्याआधी दोन वर्षं गेली होती."

ही काही बोलली नाही. तिने त्या बाईचा हात आपल्या हातात घेतला. त्या बोलण्याला दुभाष्या लागला नाही.

परतताना मला आपल्याकडची जत्रा आठवली. आपला पाळणावाला चार दिवस मुक्काम करतो आणि पाचव्या दिवशी दांडे, खिळे बैलगाडीत, आताशा ट्रकमध्ये घालून पुढच्या गावी जातो. मागे उरतात भुईमुगाची टरफले. जत्रा उठते, म्हणून तिच्यासाठी कोणी रडत नाही. पुढच्या वर्षी ती येणारच असते. ज्यांनी जत्रा कायमची बांधली, त्यांच्या वाट्याला तिचे मरण पाहणेही आले. आणि एका दृष्टीने ते बरेच झाले. नाहीतर त्या बाईने आईला शोधायला कुठे जायचे होते?

2021 च्या जानेवारीत तो आकाशपाळणा उतरवला. दुरुस्त करून पुन्हा उभारायचा बेत असल्याचे पुतण्याने फोनवर सांगितले. मी हिला बातमी दिली. ती पोळ्या लाटत होती. लाटणे क्षणभर थांबले.

"सुरू झाला की पहिल्या फेरीला तिला बसवायला हवं," ती म्हणाली. "आणि हो, आता पलीकडे बोट दाखवून मोठ्यानं बोललं तरी चालेल म्हणावं."