ओढणारा आणि आवरणारा

बैल पाहायला निघालेल्या माणसाच्या अंगी एक प्रकारचे गांभीर्य येते. तो दात मोजतो, खूर चाचपतो, वशिंडावर थाप मारतो आणि शेवटी बैलाला चार पावले मागे रेटून पाहतो. ही शेवटची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटत आली आहे. चढावर गाडी ओढणारा बैल पुष्कळांना मिळतो. उतारावर ती अंगावर घेऊन सावरणारा थोड्यांनाच!

माझा पुतण्या मात्र अश्वशक्तीचे आकडे घेऊन आला. आमच्या फुलंब्रीच्या शिवारात कापूस, मका, आले पिकते. जोडीला हंगामात ऊसवाहतूक करावी, म्हणून कर्ज काढून त्याला डिझेलची गाडी घ्यायची होती. आरंभी त्याचा ओढा पिकअपकडे.

"काका, अमेरिकेत पिकअपमागे केवढाले ट्रेलर लावतात!"

लावतात खरे. पण तिकडे फार अवजड ट्रेलरचा जोड शेपटाला न अडकवता हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसवतात; आणि अनेक राज्यांत 3000 पौंडांपुढच्या, म्हणजे सुमारे 1360 किलोंपुढच्या, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. आपल्या पिकअपने हौद्यात आले भरून बाजार गाठावा. उसाच्या ट्रॉल्या ओढणे हे तिचे काम नव्हे.

मग ट्रॅक्टर आला. रूडॉल्फ डीझेलचे इंजिन 1897 साली यशस्वी ठरले, त्यात ठिणगी नाही. हवाच इतकी दाबायची की तिच्या उष्णतेने इंधन पेटावे. थोड्या फेऱ्यांतही ते पीळ धरते, म्हणून ओझ्याला तेच बरे. एवढे पुतण्याला माझ्याहून अधिक ठाऊक होते. "पन्नास अश्वशक्तीचा घेतला, तर दोन ट्रॉल्या चौक्याचा घाट चढतील," तो म्हणाला.

"आणि उतरतील?" मी विचारले.

तो गप्प झाला. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास, आणि मागे त्याच्या कितीतरी पट ऊस. ट्रॉलीला ब्रेक नसले, तर उतारावर ती धन्यालाच ढकलू लागते आणि जोडापाशी वाकून आडवी होते. चढायला जो गिअर लागतो, त्यातच उतरावे; क्लच दाबला की इंजिनाचा आधार गेला. शिवाय ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक निराळे असतात. शेतात वळायला ती सोय, पण रस्त्यावर दोन्ही पेडल एकत्र अडकवले नाहीत, तर एकच चाक थांबते. ही एवढीशी कडी किती जण लावतात, देव जाणे! रिकाम्या ट्रॉलीत ऊसतोड कामगारांचे बिऱ्हाड असते: भांडी, कोंबड्या, झोपलेली पोरे. माझ्या वर्गातली काही पोरे दिवाळीनंतर अशीच निघून जातात आणि हजेरीपटावर त्यांच्यापुढे मी गैरहजर लिहीत राहतो.

आम्ही दोघे ट्रॉली बांधणाऱ्याकडे गेलो. ब्रेकचे विचारताच तो हसला. "मास्तर, लोक उंची वाढवून मागतात, ब्रेक कोण मागतो?" तरी त्याने दर सांगितला. तो ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला.

रात्री कंदिलाएवढ्या मिणमिणत्या दिव्याखाली त्याने हप्त्यांचा हिशेब पुन्हा मांडला. अश्वशक्ती तीच, पण अंगाने जड असा ट्रॅक्टर. ट्रॉली एकच, ब्रेकची. "दुसरीचे पुढल्या हंगामात पाहू," तो म्हणाला. चुलीपाशी त्याच्या बायकोचा हात क्षणभर थांबला. मग ती पुन्हा भाकरी थापू लागली.